नवस फिटला, फाईल राहिली

आमच्या गावात मी अजून "मुंबईस्नं हार्ट उघडून आणलेली पोर" आहे. पोर कसली, चाळिशी झाली, केसांना कलर लावतेय, लेक आठवीत गेली, तरी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या त्या आमच्या गावात बसमधनं उतरलं की पारावरची एखादी म्हातारी हमखास विचारणार, "बरी हाईस न्हवं गे? दम लागत न्हाई न्हवं?" आणि विचारता विचारता तिची नजर माझ्या गळ्याखाली, ब्लाऊजच्या वर जिथं व्रणाचं टोक दिसतंय तिथं जाणार. लहानपणी लाज वाटायची, आता राग वगैरे काही येत नाही, कारण मध्ये वीस-पंचवीस वर्षं हा प्रश्न मला फक्त याच म्हाताऱ्यांनी विचारलाय. डॉक्टरनं नाही, घरच्यांनी नाही, मी स्वतःलाही नाही.

मी १९८५ ची. काही महिन्यांची होते तेव्हापासनं रडले की ओठ निळे, नखं जांभळी. आजी म्हणायची थंडी बाधली. चालायला लागल्यावर खेळता खेळता मध्येच उकिडवी बसायची म्हणे, गुडघे पोटाशी घेऊन, थोडा वेळ तशीच, मग उठून परत पोरांच्या मागं. घरच्यांना वाटायचं नखरे आहेत. ते नखरे नव्हते, ते शरीर आपला इलाज आपणच करत होतं. तसं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडं जाणाऱ्या रक्ताची वाट अवघड होते आणि त्यामुळं थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडं वळतं. हे कुणी शिकवत नाही, पण या दुखण्याची पोरं जगात कुठंही अशीच बसतात, हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

त्या काळात आमच्याकडं मोठं दुखणं म्हणजे मिरज. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, आणि बेळगाव-खानापूरच्या कित्येक घरांत "मिरजेला दाखवलं काय?" हा शेवटचा प्रश्न असायचा. तिथं दुखण्याचं नाव कळलं, टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. फॅलो हा फ्रान्समधल्या मार्सेयचा डॉक्टर, त्यानं १८८८ मध्ये यातले चार दोष एकत्र मांडले. हार्टच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद, महाधमनी बरोबर त्या भोकाच्या वर सरकून बसलेली, आणि या सगळ्याशी झुंजून झुंजून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. गावात मात्र चारचं एकच झालं, "पोरीच्या हार्टला भोक हाय." चार सांगत बसायला कुणाला वेळ आहे.

ऑपरेशन १९९१ मध्ये मुंबईला, एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. गिरणगावात आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती, तिथं बाबा उतरले. गिरण्यांचा संप १९८२ चा, म्हणजे तोवर त्या खोलीतली निम्मी माणसं गावाकडं परतलेली आणि उरलेली कुठंकुठं वॉचमनगिरी करत होती, पण रक्त लागणार म्हटल्यावर हीच माणसं सकाळी हॉस्पिटलच्या दारात लाईन लावून उभी. आई वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये चटई टाकून. हे सगळं मला आठवत नाही, मला आठवतंय ते एवढंच की शुद्धीवर आल्यावर नर्सनं माझी बोटं आईला दाखवली आणि आई बोटांकडं बघून रडली. गुलाबी झाली होती.

या ऑपरेशनाची मागची गोष्ट मी फार उशिरा वाचली. १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंनी कल्पना मांडली आणि आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जननं हाताची एक धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून पहिल्यांदा एका निळ्या बाळाला रक्त मिळवून दिलं. तेव्हा त्याच्या मागं स्टुलावर उभा राहून सूचना देणारा माणूस होता विवियन थॉमस. काळा लॅब टेक्निशियन, मेडिकल कॉलेजचं तोंड न बघितलेला. कुत्र्यांवर करून करून हे ऑपरेशन बसवलं होतं त्यानं, आणि नाव मात्र कित्येक वर्षं बाकीच्या दोघांचंच चाललं. पण ती नुसती सोय होती, मूळ भोक तसंच राहायचं. भोक बुजवून वाट मोठी करायची पूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये मिनियापोलिसला लिलेहाय या सर्जननं केली. त्याच्याकडं तेव्हा हार्ट-लंग मशीन नव्हतं, त्यानं पोराच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी शेजारच्या टेबलावर झोपवलेल्या मोठ्या माणसाला जोडल्या, बऱ्याचदा पोराच्या आईला नाहीतर बापाला, आणि त्यांच्या हार्टनं पोराचं रक्त फिरवलं. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग त्यात काय, मी बी झोपले असते की." वर बघितलंसुद्धा नाही.

तर मुद्दा असा की आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता, पोर नीट घरी आली तर डोंगरावर आणीन. पोर नीट आली. पुढच्या पुनवेला आम्ही सगळे सौंदत्तीला, पडली भरली, भंडारा उधळला, उदं गे आई उदं झालं, नैवेद्य झाला. नवस फिटला. घरात आल्यावर आईनं डिस्चार्ज कार्ड एका फडक्यात गुंडाळून ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्याखाली ठेवलं आणि ट्रंक बंद केली. तिच्या हिशेबानं विषय संपला होता, आणि मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही. आमच्या माणसांना दुखणं असंच कळतंय. दुखणं येतं, देवाला शब्द द्यायचा, डॉक्टरला पैसे द्यायचे, माणूस उठतं नाहीतर जातं, देणं फिटतं. बरं झाल्यानंतरसुद्धा दरवर्षी जाऊन दाखवायचं, कायम, मरेपर्यंत, आणि तेही काही होत नसताना, हे कुठल्या देवाच्या कायद्यात बसत नाही. वर त्यावेळी हॉस्पिटलातनं निघताना बाबांना सांगितलं गेलं ते असं, की आता पोरगी नॉर्मल आहे, खेळू द्या, शाळेत घाला. सुरुवातीला एक-दोनदा परत दाखवायला नेलं, तिथं सगळं चांगलं निघालं, मग बाबांच्या मागाला धागा मिळेना (तेव्हा आम्ही गाव सोडून बेळगावात वडगावला आलो होतो, पॉवरलूमवर), मुंबईचं भाडं कोण देणार, आणि दाखवायला जाण्यासारखं काही होतही नव्हतं. मी पळत होते, सायकल मारत होते, येळ्ळूरचा राजहंसगड शाळेच्या ट्रिपला सगळ्यांबरोबर चढले. कोण म्हणेल हिला दाखवा?

लग्नाच्या वेळी तेवढा तो विषय ट्रंकेतनं बाहेर आला. मावशीचं मत होतं बोलायचं नाही, बंद गळ्याचा ब्लाऊज शिवायचा. बाबांनी ऐकलं नाही, पहिल्या बैठकीतच सांगून टाकायचे, पोरीचं लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय, आता काही नाही. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, नंतर निरोप येत नसे. शेवटी जिथं झालं तिथं सासूबाईंनी एकच विचारलं, "पोरं होतील न्हवं?" बाबा म्हणाले होतील. कुणाला विचारून म्हणाले माहीत नाही, पण नशिबानं बरोबर म्हणाले.

खरं तर तो प्रश्न डॉक्टरला विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर चांगलं आहे. टेट्रॅलॉजीची दुरुस्ती झालेल्या आणि हार्ट ठीक चालणाऱ्या बहुतेक बायकांची बाळंतपणं सुरळीत होतात. फक्त आधी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करून बघायचं, मध्येमध्ये बघत राहायचं आणि बाळाचा इको १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास करायचा, कारण आईला असा दोष असला तर बाळाला हार्टचा काही दोष असण्याची शक्यता साधारण शंभरात तीन ते पाच, इतर बाळांत ती शंभरात एकाच्या आसपास असते. (काहीजणांत बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा नसतो, तसं असेल तर तो दोष बाळात उतरायची शक्यता निम्मी, म्हणून ती रक्ततपासणी आधी करून घेतलेली बरी.) माझ्या बाळंतपणात डॉक्टरबाईंनी व्रण बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला, लगेच इकोला पाठवलं. रिपोर्टात "थोडं लीक आहे" असं आलं, लेक झाली, तिचं हार्ट चांगलं निघालं, त्या आनंदात लीक कुणाच्या लक्षात राहतंय.

मग कोविडनंतरचा एक मार्च एंड. मी एका क्रेडिट सोसायटीत आहे, बेळगावात गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत त्यातलीच एक, आणि मार्च एंडला आम्ही माणसं नसतो, व्हाऊचर असतो. तर बसल्या जागी छातीत धडधड, कबुतर फडफडावं तशी, पाच-दहा मिनिटं, आणि थांबायची. जिना चढताना दम. सगळ्यांनी आपापलं निदान केलं. थायरॉईड. रक्त कमी. लसीमुळं. टेन्शन. "वय झालं की आता" हे नवऱ्याचं. शेवटी एका हार्टच्या डॉक्टरांकडं गेले. कन्नड माणूस, मराठी फर्स्टक्लास बोलणारे, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. तोंदरे इल्ला, म्हणजे काही त्रास नाही, म्हणतील असं वाटलं होतं मला, पण त्यांनी विचारलं, "ऑपरेशनमध्ये नक्की काय केलंय? पॅच कुठं लावलाय? वॉल्व्ह ठेवलाय की कापलाय?"

मला काही सांगता येईना. माझंच हार्ट, माझ्याच छातीत, आणि त्याच्याबद्दल मला "भोक होतं, बुजवलं" याच्या पलीकडं एक अक्षर माहीत नाही. मी तिथनंच आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईनं सांगायला सुरुवात केली ती खोलीपासनं. कोण कोण रक्त द्यायला आलं, वॉर्डातली केरळची नर्स किती मायेची होती, बाबांची चप्पल कशी चोरीला गेली. डॉक्टर शांतपणे सगळं ऐकून घेत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही गोष्ट आजपर्यंत नेहमी आईनंच सांगितलेली आहे. नातेवाईकांना, मास्तरांना, सासूबाईंना. मी त्या गोष्टीत आहे, पण ती माझी नाही, आणि आई आता सत्तरीच्या पुढं गेलेली.

ट्रंक उघडायला गावी गेले. (गावचं घर अजून आहे, ट्रंक तिथंच.) मी उताऱ्यांचे कागद इकडंतिकडं करतेय आणि आई दारातनं, "काय हुडकूलालीस गे? त्या फडक्यात बघ की." कार्ड होतं. घडीवर फाटलेलं, टाईपरायटरनं केलेलं, आणि त्यात ते दोन शब्द होते ज्यांच्यासाठी डॉक्टर अडून बसले होते, ट्रान्सॅन्युलर पॅच.

याचा अर्थ असा. फुप्फुसाकडं जाणारी वाट इतकी अरुंद होती की सर्जननं ती उभी कापली, झडपेच्या कड्यासकट, आणि वर पॅच लावून रुंद केली. त्यामुळं रक्त जायला लागलं, मी गुलाबी झाले, जगले. पण झडप कामातनं गेली. कडी नसलेल्या दारासारखं झालं ते, गेलेलं रक्त दर ठोक्याला थोडं मागं येतंय. ही सर्जनची चूक नाही, तेव्हा पोर वाचवायची तर हाच रस्ता होता, आणि मागं येणारं रक्त कित्येक वर्षं काही त्रास देत नाही. उजवा कप्पा सहन करतो. सहन करता करता हळूहळू ताणतो, मोठा होतो, दहा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि माणसाला काही कळत नाही, कारण माणूस लहानपणापासनं त्या दमालाच आपला दम समजत असतो. मला लोक "तू जरा सावकाशच आहेस" म्हणायचे, मलाही वाटायचं माझा स्वभाव सावकाश. अहो तो उजवा कप्पा होता.

ताणलेल्या कप्प्याच्या भिंतीतनं, जुन्या पॅचच्या आणि टाक्यांच्या कडेनं करंट नीट जात नाही, घुटमळतो, आणि तिथनं ठोके बिघडायला सुरुवात होते. कधी वरच्या कप्प्यात, कधी खालच्या. खालचे बिघडले तर ते जिवावरचं असतं. म्हणून ईसीजीवर एक आकडा बघतात, क्यूआरएस किती रुंद, म्हणजे खालच्या कप्प्यांत करंट पसरायला किती वेळ लागतो. तो १८० मिलिसेकंदांच्या पुढं गेला की डॉक्टर सावध होतात. माझा १५८ आला. हा आकडा मी पासबुकातल्या शिलकेसारखा पाठ केलाय. मग होल्टर, चोवीस तास छातीला वायरी चिकटवून सोसायटीत बसायचं, ठेवीदार विचारणार मॅडम काय झालं. त्यात वरच्या कप्प्यातले काही चुकार ठोके सापडले, गोळी सुरू झाली. आणि एमआरआय, कारण उजवा कप्पा इकोत नीट मोजता येत नाही, त्याचा आकारच तसा वाकडातिकडा. त्यासाठी बेंगळुरू.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत गेलो. मशीनच्या आत हेडफोनमधनं बाई सांगतेय, उसिरु हिडिदुकोळ्ळी, म्हणजे श्वास धरा, मग बिडी, सोडा, परत धरा, असं कितीतरी वेळ. कप्प्याचं आकारमान अंगाच्या मापानं भागून आकडा काढतात, आणि तो दर चौरस मीटरला १५० ते १६० मिलिलिटरच्या वर जायला लागला की नवीन झडप घालायचा विचार सुरू होतो, कारण त्याच्या फार पुढं गेलं तर झडप घालूनसुद्धा कप्पा परत लहान होत नाही. फार लवकर घातली तर तेही नुकसान, कारण घातलेली झडप जन्मभर टिकत नाही, दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. आणि वेळ साधायची तर आधीचे आकडे पाहिजेत. मागच्या वर्षी किती, त्याच्या मागच्या वर्षी किती, वाढतंय काय, किती वेगानं. एकाच आकड्यावरनं काही ठरत नाही. माझ्याकडं १९९१ चं एक कार्ड, बाळंतपणातलं "थोडं लीक", आणि एकदम आत्ताचा आकडा, १४० च्या आसपास. मधला सगळा कागद कोरा.

हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहितेय कारण अशी मी एकटी नाही. हार्टमध्ये जन्मजात दोष असलेली पोरं पूर्वी मोठी होतच नव्हती, त्यामुळं मोठी झाल्यावर त्यांचं काय हा प्रश्नच नव्हता. लंडनला जेन सॉमरव्हिल या बाईंनी १९७५ मध्ये खास अशा मोठ्या झालेल्या पेशंटांसाठी वॉर्ड सुरू केला तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. आज अमेरिका-युरोपात हा दोष घेऊन जगणारी मोठी माणसं लहान पोरांपेक्षा संख्येनं जास्त आहेत. आपल्याकडंही ती आहेत, फक्त मोजलेली नाहीत, ती शेतात आहेत, यंत्रमागावर आहेत, सोसायटीच्या काऊंटरवर आहेत, आणि विचारलं तर सांगतात, लहानपणी झालं होतं कायतरी. लहान मुलांच्या डॉक्टरांनी अठराव्या वर्षी सोडलेली आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना न सापडलेली. मोठ्यांचे हार्टचे डॉक्टर दिवसभर ब्लॉकेज बघतात, अँजिओप्लास्टी करतात, त्यांना फॅलो वर्षातनं कितीदा भेटणार?

प्रत्येकाचं वेगळं असतं हे पण लक्षात घ्या. माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याला वरच्या पडद्यात भोक होतं ते पंचेचाळिशीत कळलं, जांघेतल्या शिरेतनं छत्रीसारखं डिव्हाईस घालून बंद केलं, तिसऱ्या दिवशी निपाणीला घरी. पण इतकी वर्षं ताणलेला वरचा कप्पा ऐकतोय थोडाच, त्यांचे ठोके अजून मध्येमध्ये बिघडतात. कुणाची महाधमनी एका जागी आवळलेली होती, ती लहानपणी सोडवली, तर त्याला जन्मभर बीपी बघत राहायला पाहिजे, तेही उजव्या हाताला, आणि पायालासुद्धा. फॉन्टन नावाचं ऑपरेशन होऊन एकाच कप्प्यावर चालणारी पोरं असतात, त्यांचं तर लिव्हरसुद्धा बघावं लागतं. छोटं भोक वेळेत बुजवलेल्यांना खरंच फारसं काही लागत नाही. पण आपण कुठल्या गटात, हे एकदा तरी जाणत्या माणसाकडनं ठरवून घ्यावं लागतं, शेजारणीला विचारून होत नाही.

आता कागदांचं. मी मुंबईला पत्र टाकून जुनी ऑपरेशनची नोट मिळते काय बघितलं, मिळाली नाही, आणि मिळेल अशी आशाही नव्हती. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणं डॉक्टरनं ॲडमिट पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची असतात, मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षं! सहा वर्षांच्या पोराच्या हार्टची हकिकत ते नऊ वर्षांचं होईपर्यंत. त्यामुळं खरी रेकॉर्ड रूम म्हणजे आईची ट्रंक. आणि तिथलं कार्ड तरी कुणाचं? त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कार्डावर गाव बेलगाम, २०१४ च्या एक नोव्हेंबरपासनं ते बेळगावी, सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर माझं नाव कन्नडमधनं इंग्रजीत जाऊन तिसरंच काहीतरी झालेलं. ही तिन्ही बाई एकच आहे हे सिद्ध करायला मी ज्या खिडक्या फिरले ते सांगत बसले तर वेगळा लेख होईल.

बरं, आमच्या भागाची अजून एक गंमत. बेळगावातनं मुंबई साधारण पाचशे किलोमीटर, बेंगळुरूही साधारण पाचशेच. आम्ही मधोमध. बेंगळुरूला गेलं तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक चालतं, बीपीएल कार्डवाल्या घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत. मुंबईला माणसं आहेत, भाषा आहे, उतरायला जागा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तिकडनं कर्नाटकनं विरोध केला, पेपरात महिनाभर तेच. चहाच्या टपरीवर जोरात चर्चा. मी मराठी आहे, घरातली माणसं एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललेली मी बघितलेत, मला त्यातलं काही हलकं वाटत नाही. पण खरं सांगू, मला माझी झडप जिथं माझा आधीचा आकडा माहीत असलेला डॉक्टर आहे तिथं घालायची आहे. तो कन्नड बोलो, मराठी बोलो, मल्याळी बोलो.

झडपेची गोष्ट घरात निघाली तेव्हा आई होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती गाईच्या हार्टभोवतीच्या आवरणापासनं करतात, नाहीतर डुकराची असते. पूर्वी छाती परत उघडूनच घालावी लागायची. २००० मध्ये पॅरिसला बोनहोफर या डॉक्टरनं गाईच्या मानेच्या शिरेतली झडप स्टेंटमध्ये शिवून ती पायाच्या शिरेतनं एका बारा वर्षांच्या पोराच्या हार्टपर्यंत नेली, तिथनं ते दार उघडलं. माझ्यासारख्या पॅच लावून फार रुंद केलेल्या वाटेत ती बसत नव्हती, आता त्यासाठी मोठ्या, आपोआप उलगडणाऱ्या झडपा निघाल्यात, पण प्रत्येकीला जमेलच असं नाही, स्कॅन करून माप घेऊन ठरतं. हे सगळं मी सांगत होते आणि माझं लक्ष आईकडं. आई माळकरी, एकादशी चुकवत नाही. ती माळेवर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गाईची असंल तर बरं. डुकराची म्हटले तर जरा विचार केला असता." आणि थोड्या वेळानं, चहाचा कप उचलता उचलता, "घातली असती म्हणा. पण विचार केला असता."

नवीन झडप आली की दाताच्या डॉक्टरकडं जाताना आधी अँटिबायोटिक घ्यावं लागणार, कारण दातातले जंतू रक्तातनं जाऊन कृत्रिम झडपेवर बसतात. आत्ता माझ्यासारखीला ते दरवेळी लागत नाही, पण दात स्वच्छ ठेवणं आत्तापासनंच लागतं, आणि हे मला कुणी पंचविशीत सांगितलं असतं तर दोन दाढा वाचल्या असत्या.

आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, सतरा संपत आलेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये सुरू झाला, शाळेत आलेल्या टीमनं त्याला पकडलं आणि त्याचं ऑपरेशन फुकट झालं. फार चांगली योजना, असली काही आमच्या वेळी असती तर बाबांना मंगळसूत्र गहाण ठेवावं लागलं नसतं. पण ती अठरापर्यंत. आता अठरा झाले की पोरगा योजनेतनं बाहेर आणि त्याच्या आईचा प्रश्न तोच, आता बरा आहे न्हवं, मग कशाला? मी तिला काही समजवायला गेले नाही. पोराला बोलावलं, त्याचं डिस्चार्ज कार्ड मोबाईलवर स्कॅन करून घेतलं, त्यालाच मेल करायला लावलं, आणि म्हटलं तुझं काय झालंय ते मला सांग, आईला मध्ये घ्यायचं नाही. तो म्हणाला, "भोक होतं." मी म्हटलं कुठं? किती? कशानं बुजवलं? झडप कशी आहे? तो हसायला लागला. पुढच्या रविवारी परत आला आणि बऱ्यापैकी सांगितलं, व्हीएसडी (खालच्या पडद्यातलं भोक), पॅच, महाधमनीची झडप जरा लीक, दोन वर्षांनी इको. फक्त "महाधमनी" म्हणताना अडखळतो. अडखळू दे.

माझं म्हणाल तर, डॉक्टर म्हणतात अजून थांबूया. यंदाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा फार हललेला नाही, गोळीनं धडधड कमी आहे, संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालते, दम लागला की थांबते, पूर्वीसारखं लपवत नाही. भाऊ म्हणतो मुंबई, नवरा म्हणतो बेंगळुरू, त्यावर दिवाळीत जेवताना वाद झाला आणि लेकीनं दोघांनाही गप्प केलं, "हार्ट मम्मीचं आहे, तिला ठरवू दे की." पुढचा एमआरआय एप्रिलात घ्यायचा ठरलाय, सोसायटीचं क्लोजिंग झालं की.